पाहुणा अजगर आणि चुकलेली भीती

स्मरणिकेसाठी लेख मागितला की दरवर्षी मी लसीकरण, कुपोषण किंवा परीक्षेचा ताण यांपैकी एखादा विषय काढून देतो आणि संपादकही तो निमूटपणे छापतात. यंदा मात्र माझ्या मनात एक अजगर वेटोळे घालून बसला आहे आणि त्याला बाहेर काढल्याशिवाय दुसरे काही लिहिणे मला शक्य दिसत नाही. बालरोगतज्ज्ञाने अजगरावर का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर इतकेच, की माझ्या व्यवसायातील दोन मोठ्या चुका मला या प्राण्याच्या निमित्ताने उमगल्या. एकदा जेथे घाबरायला हवे होते तेथे मी घाबरलो नाही. आणि दुसऱ्यांदा, जेथे घाबरण्यासारखे काही नव्हते तेथे सारे लक्ष लावून बसलो आणि खरी जागा पाहायची राहून गेली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही उभयता अमेरिकेत, टेक्सास राज्यात डॅलसजवळ गेलो होतो. माझी धाकटी बहीण तेथे वीस वर्षांपासून राहते आणि माझी मुलगीही लग्नानंतर तिच्यापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर स्थायिक झाली आहे. मुलगी व जावई दोघेही नोकरीला, त्यामुळे आमची सात महिन्यांची नात दिवसभर बहिणीकडे असे. त्या घरात बहीण, तिचे यजमान, पंचाहत्तरी ओलांडलेल्या तिच्या सासूबाई आणि तेरा वर्षांचा माझा भाचा. या भाच्याला प्राणी पाळायचा होता. कुत्र्यामांजराच्या केसांनी वडिलांना दमा उठतो, म्हणून ते बाद. मासे त्याला 'कंटाळवाणे' वाटत. दोन वर्षे हट्ट, गुणपत्रिकेवरून वाटाघाटी आणि शेवटी तह, असे होता होता त्या घराने अजगराला होकार दिला होता.

अजगर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर शेळी गिळून पडलेला अजस्र प्राणी येतो. हा तसा नव्हे. याला बॉल पायथन म्हणतात. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला आणि आता अमेरिकेत घरोघरी त्याची पैदास होते. पूर्ण वाढला तरी तीन ते पाच फूट. बिनविषारी. घाबरला की चावण्यापेक्षा डोके मध्ये दडवून स्वतःचा चेंडू करतो, त्यावरूनच हे नाव पडले. मात्र नीट ठेवला तर वीस-तीस वर्षे जगतो, म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाने मागितलेला प्राणी त्याचे लग्न होऊन मुले शाळेत जाईपर्यंत घरात असतो, ही गोष्ट विक्रेत्याच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत नसते.

अमेरिकेचे टपाल खाते साप स्वीकारीत नाही. हा पाहुणा एका खासगी कुरिअरने एका रात्रीत विमानाने आला. सकाळी दहाच्या सुमारास दारात खोके ठेवले गेले. खोक्याला आतून थर्माकोलसारखे अस्तर, एका कडेला उष्णतेची लहान पुडी, आणि मध्ये गाठ मारलेली कापडी पिशवी. बहीण म्हणाली, "दादा, तू डॉक्टर आहेस, तूच उघड." मुलांचा डॉक्टर आणि सापांचा डॉक्टर यांतील फरक अशा वेळी कोणी मानीत नाही. पिशवी काचेच्या पेटीत ठेवून मी गाठ सोडली. आत संत्र्याएवढा एक गोळा होता. तपकिरी, त्यावर पिवळसर ठिपके, आणि डोके कोठेच दिसेना. सासूबाई निरांजन घेऊन आल्या होत्या. नागपंचमीला बडोद्यात त्यांच्या माहेरी गारुडी येत असे, तेव्हा वाटीभर दूध ठेवण्याची त्यांची तयारीही होती. साप दूध पीत नाही आणि त्याला ते पचतही नाही, हे मी सांगितले. निरांजन मात्र लांबून ओवाळू दिले.

आता या पाहुण्याचे स्वागत कसे करावे? विक्रेत्याने सोबत धाडलेल्या पत्रकात पहिलेच वाक्य होते, की आठ दिवस याला हात लावू नका. पेटीचा एक कोपरा ऊबदार, बत्तीस अंशांच्या आसपास; दुसरा थंड, पंचवीस-सव्वीस अंशांचा. दोन्हीकडे दडून बसायला एकेक बंदिस्त जागा, मध्ये पाण्याचे भांडे, हवेत पुरेसा ओलावा; आणि मग त्याच्याकडे पाठ फिरवा. प्रवासाने शिणलेल्या सापाला मायेचा हात नको असतो, अंधार हवा असतो. आठवड्यानंतर पहिले खाणे, आणि खाण्यानंतर पुन्हा दोन दिवस स्पर्श नाही. ते वाचून मला माझी नवजात शिशूंची खोली आठवली. बाराव्या दिवशी बारशाला शंभर माणसे बोलावून बाळ हातोहाती फिरवणाऱ्या आपल्या समाजाला जे मी तीस वर्षे समजावू शकलो नाही, ते त्या पत्रकाने चार ओळींत सांगितले होते. पण सांगणे आणि पाळणे यांत अंतर असते, ते सापाच्या बाबतीतही.

चौथ्या दिवशी भाच्याचे वर्गमित्र 'बघायला' आले. तेरा वर्षांच्या मुलाने आपली सर्वांत मौल्यवान वस्तू पेटीबाहेर काढायची नाही, ही अपेक्षा मुळातच व्यर्थ होती. त्यातून त्याने आठवडा होण्याची वाटही न पाहता गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात वितळवायला ठेवला होता आणि तो हाताने चाचपून पाहिला होता. त्याच हाताने त्याने अजगर उचलला. सापाचे डोळे बेताचे. त्याचे जग वासाचे आणि उबेचे. उंदराचा वास असलेला ऊबदार हात म्हणजे त्याच्या लेखी उंदीरच. अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल भागावर त्याने तोंड मारले, सोडले नाही, आणि मनगटाभोवती दोन वेढे घातले.

घरात जो हलकल्लोळ झाला तो वर्णन करण्याची गरज नाही. यजमान साप ओढायला धावले. मी जन्मात प्रथमच बहिणीच्या घरात मोठ्याने ओरडलो असेन, "ओढू नका!" अजगराच्या वरच्या जबड्यात दातांच्या चार ओळी असतात आणि खालच्या जबड्यात दोन; सारे दात सुईसारखे बारीक आणि आतल्या बाजूला वळलेले. ओढले की टोचण्याच्या जागी फाटते, आणि दात तुटून आत राहतात. म्हणून हात तसाच नळाखाली धरायला लावला आणि सापाच्या डोक्यावर गार पाणी सोडले. तेवढ्यावर सुटला नसता तर तोंडाच्या कडेला हात निर्जंतुक करण्याच्या स्पिरिटचा एखादा थेंब लावायचा आणि डोके मागे न ओढता किंचित पुढे लोटायचे, म्हणजे दात सुटे होतात. वेढे शेपटीकडून उलगडायचे. तशी वेळ आली नाही. अर्ध्या मिनिटात त्याने स्वतःच तोंड उघडले आणि तो पेटीत जाऊन पुन्हा चेंडू झाला. त्याच्या अंगावर कसलीही इजा नव्हती, ही भाच्याची पहिली चौकशी.

हातावर टाचणीने टोचल्यासारखे वीसेक ठिपके, रक्त वाहते पण थोडे. वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच मिनिटे धुणे, स्वच्छ कापडाने दाबून धरणे, भिंगाने पाहून दात अडकला नसल्याची खात्री करणे, आणि धनुर्वाताची लस केव्हा झाली ते तपासणे, उपचार संपले. तेथे अकरा-बारा वर्षांच्या वयात धनुर्वाताचा डोस देतात, तो झालेला होता. साप हा सस्तन प्राणी नसल्यामुळे रेबीजचा प्रश्नच येत नाही. सरसकट प्रतिजैविकेही लागत नाहीत. जखम चेहऱ्यावर, डोळ्याजवळ किंवा सांध्यावर असेल, खोल असेल, मुलाची प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा दोन दिवसांत लाली-सूज वाढली तर गोष्ट निराळी. यजमान इस्पितळात जाऊन सर्पविषावरील इंजेक्शन घ्यावे म्हणून अडून बसले होते. मी त्या देशात नुसता पाहुणा, माझा परवाना तेथे चालत नाही. म्हणून त्यांनी आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातील परिचारिकेला फोन लावला. तिनेही तेच सांगितले आणि शांतपणे फोन ठेवला.

त्या रात्री सर्वजण झोपले, पण मला झोप येईना. मला दुसऱ्याच एका मुलाचा पाय दिसत होता.

साल १९९६. मी एमडी होऊन नुकताच एका धर्मादाय रुग्णालयात रुजू झालो होतो. पावसाळ्यात एका संध्याकाळी बडोद्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या खेड्यातून दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या वडिलांनी आणले. शेताच्या बांधावर साप चावला होता. वडील अगदी निश्चिंत. "साहेब, अजगराचे पिल्लू होते. मी स्वतः पाहिले. जाड, तपकिरी, अंगावर ठिपके. त्याला विष नसते." मी घोट्यापाशी दोन खुणा पाहिल्या, थोडी सूज पाहिली. बापाच्या आवाजातली खात्री माझ्या पुस्तकी ज्ञानापेक्षा भारी पडली. मी जखम धुवायला सांगितली, धनुर्वाताचे इंजेक्शन लिहिले आणि 'उद्या दाखवा' असे म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळलो.

त्या मुलाला घरी जाऊ दिले नाही ते एका परिचारिकेने. वयाने माझ्या आईएवढ्या होत्या. मलमपट्टी करून त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, रक्त थांबत नाही. तिसरा कापूस बदलला." मी उठून पाहिले. सूज गुडघ्याकडे सरकली होती आणि हिरड्यांच्या कडेला रक्ताची बारीक रेघ होती. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन टेबलावर न हलवता ठेवले आणि वीस मिनिटांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. साप घोणस होता. गुजरातीत ज्याला खडचितळो म्हणतात तो. एएसव्ही सुरू केली. रात्रीत लघवी कमी झाली, मूत्रपिंडांना धक्का बसला होता, त्याला मोठ्या रुग्णालयात डायलिसिसला पाठवावे लागले. अकराव्या दिवशी तो चालत घरी गेला. हा माझा पराक्रम नव्हे, तो त्या बाईंचा. त्या कापूस बदलून गप्प राहिल्या असत्या तर तो मुलगा बैलगाडीत घरी गेला असता आणि मला कदाचित कधी कळलेही नसते.

घोणस आणि अजगर यांचा घोटाळा आपल्या भागात नेहमीचा आहे. दोघेही जाडजूड, तपकिरी, ठिपक्यांचे, सुस्त वाटणारे. जाणकार सांगतात, की घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे लांबट गोल ठिपके तीन ओळींत शिस्तीने असतात, खवले खरखरीत असतात, डोके त्रिकोणी असते आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकते. अजगराचे डाग वेडेवाकडे आणि अंग तुकतुकीत. उजेडात, सावकाश पाहिले तर फरक दिसतो. पण संध्याकाळी गवतात पाय पडल्यावर सावकाश कोण पाहणार? घोणशीचे पिल्लू जन्मतःच विषारी असते, हे तर अनेकांना ठाऊकच नसते. म्हणून माझे ठाम मत असे आहे, की भारतात 'अजगर चावला' हे निदान रुग्णाच्या नातेवाइकाने करायचे नाही आणि डॉक्टरने ते मानायचे नाही. मूल चोवीस तास निरीक्षणाखाली राहील, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी होईल आणि ती पुन्हा पुन्हा होईल. विषबाधेची लक्षणे दिसली तर एएसव्ही लगेच. नाही दिसली तर उगाच नाही, कारण त्या लसीचीही जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला. त्या आकड्यांत चुकीच्या खात्रीने घरी पाठवलेले किती, हे कोणी मोजलेले नाही.

डॅलसमध्ये जेथे साप खोक्यातून, नावगावासह, पैसे मोजून येतो, तेथे त्याची ओळख पक्की असते. तेथे दंश हा किरकोळ अपघात. आपल्याकडे तीच निश्चिंती घातक. मुलांची वये जवळजवळ सारखी. पण जेथे सारे घर हादरले तेथे काही नव्हते, आणि जेथे सारे निश्चिंत होते तेथे मरण होते. एवढा विचार करून मी स्वतःला शहाणा समजून झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो. सिंकच्या एका कडेला नातीच्या दुधाच्या बाटल्या, बुचे आणि चमचे धुऊन उपडे ठेवलेले होते. त्यांना खेटून प्लास्टिकचा एक डबा होता, ज्यात काल उंदीर वितळवला होता. आणि शेजारी अजगराचे पाण्याचे भांडे, घासायला काढलेले. ज्या स्पंजाने भांडे घासायचे तो एकच. मी चार दिवस त्या घरात वावरत होतो, चार दिवस ते सिंक माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला ते दिसले नव्हते. ते पाहताना माझे हात गार पडले, हे मी लपवीत नाही.

साप, कासव, पाल, सरडा यांच्या आतड्यांत साल्मोनेला हे जंतू कसलाही त्रास न देता वस्ती करून असतात. प्राणी तुकतुकीत, निरोगी दिसतो. जंतू विष्ठेतून अधूनमधून बाहेर पडतात, म्हणून एकदा तपासणी केली आणि ती निर्दोष आली तरी तिला अर्थ नाही. बाळाने सापाला शिवायलाच हवे असेही नाही. साप हाताळलेला हात, बाही, सिंक, गालिचा, एवढे पुरते. गोठवलेल्या उंदरांतही हे जंतू जिवंत राहतात. २०१० आणि २०१४ मध्ये अमेरिकेत अशा खाद्य-उंदरांवरून साल्मोनेलाची साथ पसरली होती. मोठ्या माणसाला चार दिवस जुलाब होऊन सुटका होते. काही महिन्यांच्या बाळात तेच जंतू रक्तात शिरतात, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात. म्हणूनच पाच वर्षांखालील मुले, पासष्टीपुढची माणसे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून दूर राहावे, असे तेथील आरोग्य यंत्रणा सांगते. त्या घरात यांपैकी दोन वयांची माणसे होती, आणि एक बालरोगतज्ज्ञही.

सिंक पांढरे केले, स्पंज फेकला, पेटी भाच्याच्या खोलीत हलवली. तरीही दोन दिवसांनी नातीला ताप आला आणि जुलाब सुरू झाले. मुलीने तिला तेथील बालरोगतज्ज्ञांकडे नेले. मी सोबत होतो. तरुण बाई होत्या. त्यांनी पोट तपासण्याआधी, वजन लिहिण्याआधी विचारले, "घरात किंवा बाळ जेथे राहते तेथे एखादा सरपटणारा प्राणी आहे का?" मी खाली पाहिले. मुलीने माझ्याकडे पाहिले. विष्ठेचा आणि रक्ताचा नमुना गेला. निकाल येईपर्यंतच्या दीड दिवसात माझी मुलगी माझ्याशी फारसे बोलली नाही. ती एकदाच म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत होतं ना?" होते. जुलाब नोरोव्हायरसचे निघाले, पाळणाघरातून आलेल्या कोणा मुलाकडून. अजगर त्यातून निर्दोष सुटला. मी मात्र सुटलो नाही. कारण त्या बाईंनी विचारलेला तो प्रश्न मी बडोद्यात तीस वर्षांत एकाही आईला विचारला नव्हता.

या अनुभवातून माझे जे मत बनले ते असे. तेरा वर्षांच्या मुलाने अजगर पाळण्याला, जेथे कायदा परवानगी देतो तेथे, माझा विरोध नाही. आठ दिवस हात न लावण्याचा संयम, आठवड्याला एकदा चिमट्याने अन्न देण्याची शिस्त, प्रत्येक वेळी कोपरापर्यंत हात धुण्याची सवय, या गोष्टी मुलाला आई-बाप सांगून शिकवू शकत नाहीत त्या साप शिकवतो. पण ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल राहते किंवा रोज येते, त्या घरात सरपटणारा प्राणी नसावा. येथे मधला मार्ग मला मान्य नाही. मोठ्या जातीच्या अजगरांविषयी तर चर्चाही नको. २००९ मध्ये फ्लोरिडात पाळलेल्या ब्रह्मी अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. २०१३ मध्ये कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतात पेटीतून निसटलेल्या आफ्रिकी अजगराने झोपेतल्या दोन भावांचा. त्यातून फ्लोरिडाच्या दलदलीत सुटलेल्या ब्रह्मी अजगरांनी तेथील सस्तन प्राण्यांचा फडशा पाडला, म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेने अशा काही जातींच्या आयातीवरच बंदी घातली. हौस संपली की प्राणी बाहेर सोडण्याची सवय काय करते, ते तेथे दिसले.

आणि भारतात? भाच्याने मला विचारलेच, "मामा, बडोद्याला तुझ्याकडे एक घेऊन येऊ का?" नाही. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला घरात ठेवणे हा गुन्हा. विदेशी जातींसाठी २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी आवश्यक केली. तरीही बॅगेत, मोज्यांत कोंबलेले बॉल पायथन आपल्या विमानतळांवर पकडले जातात. कायदा बाजूला ठेवला तरी माझे कारण साधे आहे. ज्या परिसरात पावसाळ्यात पायरीवर घोणस येऊ शकते, तेथे एखाद्या मुलाच्या मनात 'ठिपकेवाला साप म्हणजे मित्र' असे रुजवणे मला मान्य नाही. विश्वामित्रीकाठच्या आपल्या शहरात वर्षभर अजगर निघतात. त्यांना पकडून नेणारे स्वयंसेवक तत्पर आहेत, त्यांना बोलवावे आणि मुलांना लांबून दाखवावे.

आता या मंडळातील माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. 'आपल्याकडे कोण अजगर पाळतो' असे म्हणून पान उलटू नका. साप नसतील, पण कासवे आहेत. काचेच्या पेटीतली लाल कानाची ती छोटी कासवे बडोद्याच्या किती फ्लॅटांत आहेत, हे आपल्या गृहभेटींत आपण सर्वांनी पाहिले आहे; कोणी शुभ म्हणून ठेवतो, कोणी मुलाच्या वाढदिवसाला आणतो. चार इंचांखालच्या कासवांची विक्री अमेरिकेने १९७५ मध्येच बंद केली, ती याच साल्मोनेलामुळे, कारण लहान मुले ती तोंडात घालीत. आपण ती बाळाच्या हातात देऊन फोटो काढतो.

परत आल्यापासून जुलाब-तापाच्या प्रत्येक बाळाच्या आईला मी तो प्रश्न विचारतो. पहिले कित्येक आठवडे सगळ्या हसल्या. गेल्या पावसाळ्यात एक आजी नऊ महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. तीन दिवस ताप, विष्ठेत रक्त. मी विचारले. त्या म्हणाल्या, "छे हो डॉक्टर, साप कशाला असेल? कासव आहे. पण ते अगदी स्वच्छ आहे, मी स्वतः त्याला रोज बेसिनमध्ये आंघोळ घालते." कोणत्या बेसिनमध्ये, असे मी विचारले. त्या थांबल्या, आणि बाळाच्या आईने सुनेच्या नात्याला शोभणार नाही अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिले. मी नमुना तपासणीला पाठवला आणि बाळाला दाखल करून घेतले.